तेराव्यानंतरची गोष्ट

11 जानेवारी 2019 रोजी यवतमाळात 92 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या या बाईंच्या शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केलेली. उद्घाटक म्हणून लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेल्यावर हा मान त्यांच्याकडे आला, आणि बोलणं सगळं त्या वादाभोवतीच फिरत राहिलं. त्यात एक गोष्ट बाजूला पडली. वैशालीताई नाटकात काम करत होत्या. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’मध्ये त्यांच्यासोबत अशाच शेतकरी घरांतल्या, नवरा गमावलेल्या बाया उभ्या होत्या.

जिचं दुःख खरं आहे, तिने नाटकात कशाला उभं राहायचं? आम्हाला वाटतं, खऱ्या आयुष्यात तिला कोणी पुरतं बोलूच दिलेलं नसतं. मदतीच्या चौकशीत विचारतात, सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं. उत्तर रकान्यात बसलं नाही तर प्रकरण नामंजूर. तेरवीचं जेवून पाहुणे आपापल्या गावी जातात, आणि त्यानंतर जमिनीचा वाटा, दारात आलेला सावकार, पोरांची शाळा हे सगळं तिच्या एकटीच्या अंगावर येतं. ते ऐकायला कोणी थांबत नाही. रंगमंचावर मात्र ती रागावते, हसतेसुद्धा, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत समोरच्याला बसून राहावं लागतं.

आपल्या वाचकालाही अशी गोष्टच थांबवते. आत्महत्यांचे आकडे वर्षानुवर्षं वाचून मन निबर झालं. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ कादंबरीतला शिकलेला, नोकरी न मिळालेला एकनाथ मात्र वाचून झाल्यावरही पाठ सोडत नाही. सतीश मनवरांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ चित्रपटातली अलका शेजारच्या मरणाने हादरते आणि स्वतःच्या नवऱ्यावर पाळत ठेवते. तिची ती धास्ती ज्याने पाहिली, त्याला पेपरातली दोन ओळींची बातमी पुन्हा पहिल्यासारखी वाचता येत नाही. त्या दोन ओळींमागे घर आहे, चूल आहे, बापाच्या मागे धावणारं पोर आहे, हे त्याला आता माहीत असतं.

पण गोष्टींनी आमच्या जिल्ह्याचं नुकसानही केलंय, आणि ते या दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर लिहायलाच हवं. फास, कोरडी विहीर, बाईचं मोकळं कपाळ एवढ्यावरच यवतमाळची कथा उभी राहू लागली. कास्तकार पहिल्या पानावर येतो तो शेवटच्या पानावर मरण्यासाठीच. इथलं पोरगं पुण्याला शिकायला गेलं की त्याला पहिला प्रश्न आत्महत्येचाच विचारतात; विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, त्याने वाचलेलंच तेवढं असतं. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हणत सरकारला आणि सावकाराला सुनावणारा माणूस त्या कथांत कुठे आहे? बोंडअळी कोणत्या बियाण्यावर आली, यावर चहाच्या टपरीवर तावातावाने भांडणारा? 2017 च्या हंगामात कीटकनाशकाच्या फवारणीने माणसं दगावली, तरी दुसऱ्या वर्षी पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत उतरावं लागलेला मजूर? फवारलेलं पीक बहुतेकदा दुसऱ्याचं असतं, आणि कर्जमाफीच्या यादीत त्याचं नाव येत नाही. अशी माणसं कथेत आली नाहीत तर वाचणाऱ्याच्या मनात ती नसतातच. मग उरते ती फक्त कीव. जो मेलेलाच आहे असं ठरवून टाकलंय, त्याचं मत कोण विचारणार? ‘तेरवं’चं मोल आम्हाला म्हणूनच मोठं वाटतं: तिथे ज्यांच्याबद्दल लिहिलं जातं, त्याच बोलतात.

या दिवाळीसाठी कथा निवडताना आम्ही एकच गोष्ट पाहिली, की यातला माणूस त्याच्या कर्जापेक्षा मोठा आहे का. वणीपासून उमरखेडपर्यंतच्या लिहिणाऱ्यांनी वऱ्हाडीत, प्रमाण मराठीत, जशी जमेल तशी माणसं पाठवली. भाषा आम्ही फार हाताळली नाही. ज्यांना आपल्या गावचं माणूस या पानांत सापडणार नाही, त्यांनी ते लिहून पाठवावं. कापूस वेचणीतून सवड काढून लिहिलेलं, वहीच्या पानावरचं असलं तरी चालेल.