मनूचा मासा आणि नातवाचा मासा

गेल्या आषाढांत आमच्या नातवाच्या वाढदिवसास त्याच्या मामानें काचेची एक मोठी पेटी व तींत बारा मासे अशी भेट आणून दिली. त्यांतील अकरा मासे बोटाच्या पेराएवढे, रंगीबेरंगी आणि स्वभावानें गरीब होते. बारावा मात्र वीतभर लांब, निमुळत्या तोंडाचा, जणूं कांहीं सुसरीचें पिल्लूंच! त्याचें नांव 'अ‍ॅलिगेटर गार' असें दुकानदारानें सांगितलें होतें. पेटी ओटीवर विराजमान झाली आणि घरांतील लहानथोर मंडळी तिच्याभोंवतीं बसूं लागली. दिवाळी जवळ आली तेव्हां पेटींत एकच मासा उरला होता. तो कोणता, हें सुज्ञ वाचकांस सांगणें नलगे.

आतां ह्या एकट्या माशाचें करावयाचें काय, असा प्रश्न उपस्थित झाला. तो हातभर वाढला होता. पेटींत त्यास वळतांही येत नसे. आमच्या मातोश्रींनीं निकाल दिला, "अरे, त्या मुक्या जीवाला कैदेंत कशाला ठेवतां? कार्तिकी एकादशीला तळ्यांत सोडून द्या. त्याला जीवदान मिळेल आणि पोराला पुण्य लागेल." घरांतील सर्वांनीं मान डोलावली. मातोश्रींचें वय आज अठ्ठ्याऐंशी वर्षांचें. त्यांच्या शब्दाबाहेर आम्ही सहसा जात नाहीं. ह्या वेळीं मात्र आम्हांस जावें लागलें. त्याचें कारण वाचकांपुढें मांडावें, एवढाच आजच्या लेखाचा उद्देश आहे.

आमच्या बहुसंख्य वाचकांच्या घरीं मत्स्याहार निषिद्ध आहे. 'तळ्यांतल्या माशांशीं आपला काय संबंध?' असें कोणी म्हणेल. दुसरा कोणी असेंही म्हणेल कीं, मोठ्या माशानें लहान माशास खाणें हा सृष्टीचा नियमच आहे. 'मत्स्यन्याय' हा शब्द आपल्या राजनीतिशास्त्रांत त्यावरूनच रूढ झाला. मग एका माशानें तळ्याचें असें काय बिघडणार आहे? ह्या दोन्ही आक्षेपांचें उत्तर जपानांतील एका सरोवराच्या कथेंत मिळतें.

क्योतो नगराच्या पूर्वेस बिवा नांवाचें सरोवर आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ६७० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहूनही अधिक. परंतु त्याचें खरें मोठेपण वयांत आहे. पृथ्वीवरील बहुतेक सरोवरें कांहीं सहस्र वर्षांचींच असतात. बिवा सुमारें चाळीस लक्ष वर्षांचें आहे. इतक्या दीर्घ काळांत तेथें जगांत अन्यत्र कोठेंही न आढळणाऱ्या साठांहून अधिक जीवजाती निर्माण झाल्या. त्यांतलाच निगोरोबुना नांवाचा एक मासा. आपल्याकडे जशी आजीच्या हातची जुन्या लोणच्याची बरणी, तसा त्या प्रांतीं हा मासा अंड्यांसकट मिठांत व पुढें भातांत महिनोन्‌महिने मुरवून ठेवण्याचा शेंकडों वर्षांचा प्रघात आहे. होन्‌मोरोको नांवाचा दुसरा एक चिमुकला मासाही तेथील कोळ्यांचा मोठा आधार होता.

मत्स्यन्याय तेथेंही होताच. चार फुटांपर्यंत वाढणारा एक मिशाळ मासा बिवांत पूर्वापार राहतो आणि लहान माशांवरच उदरनिर्वाह करतो. परंतु भक्ष्य आणि भक्षक हे दोघे लक्षावधि वर्षें एका घरांत नांदलेले. कोणी केव्हां हिंडतो, कोठें दबा धरतो आणि त्यापासून कसें निसटावें, हें लहान माशांच्या रक्तांतच मुरलेलें होतें. म्हणूनच खाणाराही टिकला आणि खाल्ला जाणाराही टिकला. ह्या घरांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दोन परके पाहुणे शिरले.

पहिला 'बास'. हा अमेरिकेंतील मोठ्या जबड्याचा मासा. इ. स. १९२५ मध्यें तो प्रथम जपानांतील आशी सरोवरांत आणून सोडण्यांत आला. गळ टाकून मासे धरण्याच्या शौकिनांस तो फार प्रिय, म्हणून हळूहळू तो ठिकठिकाणीं पसरला आणि १९७४ सालीं बिवांत सांपडला. दुसरा 'ब्लूगिल'. हा तळहाताएवढा, दिसण्यांत निरुपद्रवी. परंतु दुसऱ्यांचीं अंडीं व नुकतीं फुटलेलीं पिल्लें हा त्याचा आवडता खाऊ. ह्या दोन्ही जातींचे नर तळाशीं खळगा करून आपल्या अंड्यांवर डोळ्यांत तेल घालून पहारा देतात. उलट निगोरोबुना व होन्‌मोरोको कांठच्या बोरूच्या बनांत येतात, पाण्यांतल्या देंठांस व गवतास अंडीं चिकटवितात आणि निघून जातात. एकाच्या घराला पहारेकरी, तर दुसऱ्याचें दार सताड उघडें! त्यांतच सरोवराच्या कांठीं बंधारे व रस्ते झाल्यानें बोरूचीं बनेंही पुष्कळ नाहींशीं झालीं होतीं. सारा दोष पाहुण्यांच्याच माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु दुबळ्या झालेल्या घरावर ही धाड आली हें खरें. १९९० नंतर कोळ्यांच्या जाळ्यांतील होन्‌मोरोको इतका घटला कीं, पूर्वीं सामान्यांच्या पानांत वाढला जाणारा मासा दुर्मिळ झाला.

आतां हा ब्लूगिल जपानांत आला कसा, तें ऐका. इ. स. १९६० मध्यें जपानचे युवराज अकिहितो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले होते. शिकागोच्या महापौरांनीं त्यांस कांहीं ब्लूगिल मासे भेट दिले. त्यांची संख्या वीसही नव्हती. युवराज स्वतः मत्स्यशास्त्राचे व्यासंगी. गोबी कुळांतील माशांवर त्यांचे शास्त्रीय निबंध आहेत. हा मासा वाढवावा, प्रजेस स्वस्त अन्न मिळावें, अशी त्या काळीं मोठी आशा होती. म्हणून त्यांनीं ते मासे सरकारी मत्स्यसंशोधन खात्याच्या स्वाधीन केले. देणारा सज्जन, घेणारा विद्वान, हेतु लोककल्याणाचा. ह्यांत कोणी कोठें बोट ठेवावें? परंतु मासे पैदाशीच्या टाक्यांतून बाहेर पडले आणि एकामागून एक जलाशय त्यांनीं व्यापले. आज जपानभर जे ब्लूगिल आहेत ते सर्व त्या मूठभर माशांचेच वंशज, असें पुढें आनुवंशिक परीक्षणांवरून दिसून आलें.

ह्यापुढील प्रसंग आम्हांस सर्वांत अधिक महत्त्वाचा वाटतो. नोव्हेंबर २००७ मध्यें बिवाच्याच कांठीं, ओत्सु नगरांत, मत्स्यसंवर्धनाविषयीं एक मोठी सभा भरली होती. अकिहितो तोंपर्यंत सम्राट् झाले होते. हा मासा सुमारें पन्नास वर्षांपूर्वीं आपणच अमेरिकेहून आणला आणि आज जें झालें आहे त्याचें आपल्या मनास दुःख होतें, असें त्यांनीं त्या सभेंत भर लोकांत सांगितलें. कोणी त्यांच्यावर आरोप केला नव्हता. मौन धरलें असतें तरी सिंहासनास धक्का लागला नसता. २०१९ सालीं ते सिंहासनावरून निवृत्त झाले. परंतु त्यांचें हें बोलणें आमच्या मनांतून जात नाहीं.

जात नाहीं, ह्याचें कारण आमच्याच आयुष्यांत आहे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही एका लहान गांवीं शिक्षक होतों. शिकवावयाचें संस्कृत, परंतु दुसरा कोणी नसल्यामुळें आरोग्याचे पाठही आमच्याच गळ्यांत पडत. गांवांत हिंवताप माजला होता. डांसांच्या अळ्या खाणारा 'गंबुशिया' नांवाचा मासा ह्या कामासाठीं १९२८ पासून आपल्या देशांत आणलेला आहे. आम्हीं तो डबे भरभरून मागविला आणि मुलांची मिरवणूक काढून देवळाच्या तळ्यांत सोडला. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. गांवानें आम्हांस नारळ दिला. गंबुशिया डांसांच्या अळ्या खातो हें खरें. पण इतर माशांचीं अंडीं, पिल्लें आणि बेडकांचीं पोरेंही खातो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि आम्हीं कोणास विचारलेंही नाहीं. त्या तळ्यांत पूर्वीं पायरीवर पाय ठेवतांच बारीक चंदेरी मासे गोळा होऊन टांचांस गुदगुल्या करीत. कांहीं वर्षांनीं गेलों तेव्हां पायऱ्यांवर बसून राहिलों. कोणीच आलें नाहीं. त्या तळ्यास दुसऱ्याही अनेक पीडा झाल्या असतील. तरीही डबा आमच्या हातांत होता, हें आम्हांस विसरतां येत नाहीं.

बिवाच्या लोकांनीं नुसती हळहळ केली नाहीं. तेथील प्रांतिक सरकारच्या नियमानें २००३ पासून बास किंवा ब्लूगिल गळास लागल्यास तो पुन्हां पाण्यांत सोडतां येत नाहीं. अशा माशांकरितां कांठोकांठ पेट्या ठेवल्या आहेत. परक्या जीवजातींविषयींचा राष्ट्रीय कायदा २००४ मध्यें होऊन २००५ पासून अमलांत आला. कोळ्यांस हे मासे पकडण्याबद्दल साहाय्य मिळतें. सर्वांत सुंदर उपाय शेतकऱ्यांनीं योजिला आहे. सरोवराचे मासे पूर्वीं पावसाळ्यांत कांठच्या भातखाचरांत शिरून अंडीं घालीत. पुढें चर खोल झाले आणि ती वाट बंद झाली. आतां कित्येक शेतकरी चरांत लहान लहान पायऱ्या बांधून माशांस खाचरांत येऊं देतात आणि पिल्लें वाढलीं म्हणजे त्यांस सरोवराकडे वाट करून देतात. बाळंतपणासाठीं लेकीनें माहेरीं यावें, तसेंच हें! एवढें करूनही बास व ब्लूगिल बिवांतून समूळ गेलेले नाहींत. वीसाहून कमी मासे आणण्यास एक प्रवास पुरला. त्यांस काढण्यास पिढ्या पुरत नाहींत.

पूर्व आफ्रिकेंतील व्हिक्टोरिया सरोवराची कथा तर याहूनही दारुण आहे. तेथें १९५० नंतरच्या दशकांत सोडलेल्या नाइल पर्च नांवाच्या प्रचंड माशानें पुढील तीस वर्षांत शेंकडों स्थानिक जातींची वाताहत केली.

आणि आपल्याकडे? आफ्रिकेंतील खादाड मांगूर, ज्यास बाजारांत 'थाई मांगूर' म्हणतात, त्याच्या पैदाशीस आपल्या देशांत २००० सालापासून बंदी आहे. तरी तो चोरून पाळला जातो आणि पुरांत नदीनाल्यांस मिळतो. आमच्या नातवाचा गार हा मूळचा उत्तर अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांतला. तो सहा फुटांहूनही अधिक वाढतो. २०२३ सालीं तो श्रीनगरच्या दल सरोवरांत व भोपाळच्या तलावांत सांपडला. अमेरिकेहून तो पोहत आला नाहीं. कोणाच्या तरी दिवाणखान्यांतली पेटी अपुरी पडली असेल आणि कोणा दयाळू गृहस्थानेंच त्यास 'जीवदान' दिलें असेल. माशांविषयींची खरी भक्ति पहावयाची असल्यास महाड तालुक्यांतील वाळण कोंड पहावें. तेथें वरदायिनीच्या डोहांतले मासे देवीचे म्हणून कोणी धरीत नाहीं. तेथें दया आहे ती त्या पाण्याच्या मूळ रहिवाशांवर.

हें सर्व आम्हीं मातोश्रींस सांगितलें. त्या म्हणाल्या, "तुझे जपानी राजे राहूं देत. मनूनें मासा सोडला होता कीं नाहीं?" आक्षेप अगदीं मार्मिक होता. शतपथब्राह्मणांतील ती कथा वाचकांस ठाऊकच आहे. मनूच्या ओंजळींत एक इवलासा मासा आला आणि मोठे मासे मला खातील, माझें रक्षण कर, अशी त्यानें विनवणी केली. मनूनें त्यास प्रथम घटांत ठेवलें, मग खड्ड्यांत, आणि तो मोठा झाल्यावर समुद्रांत नेऊन सोडलें. आम्हीं म्हटलें, "आई, मनूनें त्याला जेथें सोडलें तें त्याचेंच घर होतें, आणि तें त्या माशानें स्वतः सांगितलें होतें. आपल्या माशाचा समुद्र सात समुद्रांपलीकडे आहे. शिवाय मनूनें अभय दिलें तें लहान माशास. आपल्या तळ्यांतले लहान मासे उद्यां हीच विनवणी घेऊन आले, तर त्यांस काय सांगावयाचें?"

मातोश्री बराच वेळ गप्प बसल्या. मग नातवास जवळ घेऊन म्हणाल्या, "पाहुणा आपण आणला, तर आपणच सांभाळायचा. दुसऱ्याच्या घरांत नाहीं घुसवायचा."

दुकानदार तो मासा परत घेण्यास तयार होता. परंतु तो पुन्हां दुसऱ्या कोणा मामास विकला जाईल, म्हणून आम्हीं नको म्हटलें. परसांत, जेथें पूर्वीं बंब असे तेथें, गवंड्याकडून सिमेंटची मोठी टाकी बांधून घेतली; एका महिन्याचें निवृत्तिवेतन त्यांत गेलें. पावसाळ्यांत पाणी भरून वाहूं लागलें तरी मासा निसटूं नये, म्हणून वर जाळी बसविली. सार्वजनिक मत्स्यालयांस पत्रें पाठविलीं आहेत. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. कदाचित् येणारही नाहीं, आणि हा पाहुणा वर्षानुवर्षें आमच्याचकडे राहील. रोज सकाळीं मातोश्री काठी टेंकीत परसांत जातात, जाळींतून डोकावतात आणि नातवास विचारतात, "अरे, त्याला खायला घातलेंस का?"