विश्लेषण : शेतात बेसॉल्टची पूड टाकली की हवेतला कार्बन कमी होतो? शिंदखेड्याची काळी माती काय सांगते

एप्रिल २०२५ मध्ये 'माती कार्बन' या कंपनीला एक्सप्राइझ स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी करण्याच्या उपायांसाठी ही स्पर्धा होती आणि तिला मस्क फाउंडेशनने पैसा पुरवला होता. माती कार्बनचं काम ऐकायला अगदी साधं आहे. बेसॉल्ट दगडाची बारीक पूड करायची आणि ती भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या शेतात पसरायची.

बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात त्याची काही कमी नाही. धुळे-नंदुरबार पट्ट्यात तर लाव्हा भेगांमध्ये थिजून तयार झालेल्या काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना 'डाईक' म्हणतात. मग हाच दगड दळून कापसाच्या शेतात टाकला तर? पीकही वाढेल आणि कार्बन क्रेडिटचे पैसेही मिळतील?

उत्तर दडलंय एका शब्दात : पृष्ठभाग.

दगड तोच, मग पूड कशाला?

कोणतीही रासायनिक क्रिया दगडाच्या पोटात सुरू होत नाही. पाणी आणि हवा जिथे दगडाला स्पर्श करतात, तिथेच ती होते. म्हणून वजनापेक्षा उघडा पृष्ठभाग किती, हे महत्त्वाचं ठरतं.

एक मीटर लांब, रुंद आणि उंच दगड घ्या. वजन साधारण ३ टन. त्याचा पृष्ठभाग फक्त ६ चौरस मीटर. त्याचेच एक सेंटिमीटरचे तुकडे केले तर पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर. आणि ०.१ मिलिमीटरचे कण केले तर? ६० हजार चौरस मीटर, म्हणजे जवळपास १५ एकर. दगड तेवढाच, पण पावसाला काम करायला जागा दहा हजार पट.

यात कार्बन कुठे अडकतो?

पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं. हे पाणी बेसॉल्टमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवतं. त्याच वेळी कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट होतं. ते पाण्याबरोबर झिरपत नदीत आणि तिथून समुद्रात पोहोचलं, की हजारो वर्षं तिथेच राहतं.

पृथ्वी हे काम कोट्यवधी वर्षांपासून करत आली आहे. जमिनीचा जेमतेम ५ टक्के भाग बेसॉल्टचा आहे. पण सिलिकेट खडकांची झीज होताना जेवढा कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, त्यातला सुमारे ३० टक्के वाटा बेसॉल्टचा असतो. दख्खनचा पठारी प्रदेश यातला एक मोठा भाग.

मात्र दगडासोबत पाणीही हवं. मंगळाचाही बराचसा पृष्ठभाग बेसॉल्टचाच आहे. पण तिथे आज वाहतं पाणी नाही, त्यामुळे ही क्रिया जवळजवळ ठप्प आहे.

शिंदखेड्यात हे काम आधीच झालंय

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला. तो झिजत झिजतच खान्देशची काळी माती झाली. म्हणजे इथल्या शेतात जे आहे, ते निसर्गाने दळलेलं बेसॉल्टच आहे. आणि कोणत्याही क्रशरला जमणार नाही इतकं बारीक.

या मातीत स्मेक्टाइट नावाचं खनिज असतं. पुस्तकाच्या पानांसारखे त्याचे अतिशय पातळ थर असतात. प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू धरल्या तर एका ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटचा पृष्ठभाग ७०० चौरस मीटरपर्यंत भरतो. म्हणजे चमचाभर, पाच-सहा ग्रॅममध्ये जवळपास एक एकर!

काळ्या मातीचे गुण आणि अवगुण दोन्ही इथूनच येतात. थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आक्रसते. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. धरून ठेवलेल्या ओलीवर पावसाच्या उघडिपीत कापूस तग धरतो. कोळपणी करून वरचा थर मोकळा केला, भेगा बुजवल्या, की बाष्पीभवन कमी होतं. तोही पृष्ठभागाचाच खेळ.

खताचंही तसंच. या थरांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश, अमोनियम यांचे धनभारित कण तिथे चिकटून राहतात आणि मुळांना हळूहळू मिळतात. नायट्रेटवर मात्र ऋणभार असतो. ते चिकटत नाही, पाण्याबरोबर निघून जातं. युरियाचा सगळा डोस एकदम न देता विभागून द्या, असं कृषी अधिकारी सांगतात त्यामागचं एक कारण हे.

मग इथे पूड टाकून फायदा किती?

बेसॉल्टची पूड चांगली विरघळायला तीन गोष्टी लागतात : उष्णता, भरपूर पाणी आणि आम्लधर्मी माती. शिंदखेड्यात उष्णता भरपूर आहे. पण तालुका पर्जन्यछायेतला, अवर्षणप्रवण. आणि खान्देशच्या काळ्या जमिनी बहुतेक ठिकाणी विम्लधर्मी, चुनखडीच्या. अशा मातीत पूड विरघळण्याचा वेग मंदावतो.

आणखी एक अडचण आहे. पाणी खोलवर झिरपलं नाही तर बायकार्बोनेट वाटेतच थांबतं आणि त्याची चुनखडी होते. ती होताना पकडलेल्यापैकी निम्मा कार्बन डायऑक्साइड पुन्हा सुटतो. नांगराला लागणारे पांढरे चुनखडीचे खडे म्हणजे या रसायनशास्त्राची जुनी जमाखर्चाची वहीच.

पिकाचं काय? पूड मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम देते. ते काळ्या मातीत आधीच पुरेसं असतं. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात, ती बऱ्याचदा लोहाअभावी. पण लोह मातीत नसतं असं नाही, ते विरघळत नाही. पुडीतून आणखी लोह टाकून तो प्रश्न सुटत नाही.

अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये चार वर्षं झालेल्या प्रयोगात मका आणि सोयाबीनचं उत्पन्न १२ ते १६ टक्के वाढल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. पण तिथली माती आणि पाऊस वेगळा. महाराष्ट्रात अशा प्रयोगाला अनुकूल परिस्थिती शोधायची तर कोकणात पाहावं लागेल : जांभ्याची आम्लधर्मी माती आणि धो धो पाऊस.

बारीक कणांची दुसरी बाजू

जो बारीकपणा मातीत उपयोगी, तोच श्वासात घातक. आपल्या फुप्फुसातले वायुकोश उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर भरतील. एवढा मोठा, नाजूक पृष्ठभाग धुळीसमोर उघडा असतो. त्यामुळे पूड ओली करून पसरणं, मजुरांना चांगले मास्क देणं, हा खर्च टाळता येणार नाही. शिवाय बेसॉल्टमध्ये निकेल आणि क्रोमियमही असतं. वर्षानुवर्षं पूड टाकायची तर मातीची तपासणी हवीच.

खान्देशसाठी जवळचा पर्याय कोणता?

राज्य सरकारने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली. तलावातला गाळ म्हणजे पाण्याने वाहून आणलेली तीच चिकणमाती, तोच प्रचंड पृष्ठभाग. हलक्या, मुरमाड जमिनीत तो पसरला की ओल जास्त दिवस टिकते. त्यासाठी दगड दळायला वीज लागत नाही आणि तलावात पाण्याला जागाही होते. आधीच भारी असलेल्या जमिनीत मात्र गाळ टाकला तर निचरा आणखी बिघडू शकतो.

म्हणजे बेसॉल्टची पूड ही थाप नाही. पण ती सगळ्या जमिनींचं औषधही नाही. उद्या कुणी कार्बन क्रेडिटचा करार घेऊन बांधावर आलं, तर शेतकऱ्याने चार प्रश्न विचारायला हवेत. माझ्या मातीचा सामू किती, हे तपासलंत का? इथल्या पावसात पूड किती विरघळेल? दळणं आणि वाहतूक यांतला कार्बन वजा केलात का? आणि क्रेडिट विकून येणाऱ्या पैशात माझा वाटा किती?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेतकऱ्याला स्वतःलाही मिळवता येतं. मातीचा नमुना द्यायचा आणि मृद आरोग्य पत्रिका घ्यायची. सामू त्यात लिहिलेला असतो.