शाळातपासणीत शेरा नको, अहवाल हवा

तपासणी ही आपल्याच हिताची गोष्ट आहे, हे वेल्सच्या प्राथमिक शिक्षकाला सहजी पटावे असा त्या देशाचा पूर्वेतिहास मुळीच नाही. लंडनच्या सरकारने तेथील शिक्षणाच्या चौकशीसाठी ज्या तीन आयुक्तांची नेमणूक केली त्यांपैकी एकालाही वेल्श भाषा अवगत नव्हती, तरी १८४७ च्या अहवालांत त्या भाषेवर आणि ती बोलणाऱ्या रयतेच्या नीतिमत्तेवर ठपका ठेवताना त्यांची लेखणी अडखळली नाही. आणि १८६२ च्या सरकारी शिक्षणसंहितेने शाळेचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व गणिताच्या परीक्षेशी जखडल्यावर तर निरीक्षकाच्या भेटीवर मास्तरांची भाकरीच अवलंबून राहू लागली. इतकेच काय, १९०७ साली वेल्सचे मुख्य निरीक्षक झालेल्या ओवेन एडवर्ड्स यांच्या गळ्यात बालपणी, वेल्श बोलल्याच्या अपराधाबद्दल, शाळेनेच बिल्ला अडकविला होता.

म्हणूनच एस्टिन या तेथील निरीक्षणसंस्थेने २०२२ मध्ये ‘उत्कृष्ट’पासून ‘असमाधानकारक’पर्यंतची चार पायऱ्यांची वर्गवारी रद्द केली, हे मला सर्वथा न्याय्य वाटते. वर्गात बसून, वह्या चाळून, मुलांशी प्रत्यक्ष बोलून निरीक्षकांना जे उमगते ते एका शब्दात मावत नाही, आणि तो शब्द एकदा दप्तरी दाखल झाला की अहवालाचे पुढचे पान फारसे कोणी उलटीत नाही. पथकात अन्य शाळेत आजही काम करणारा मुख्याध्यापक वा वरिष्ठ शिक्षक असतो, ही तरतूद तर त्याहूनही मोलाची. कारण पावसामुळे मधली सुटी वर्गातच काढलेली मुले दुपारी किती चुळबुळ करतात हे ज्याने भोगले आहे, तो त्या चुळबुळीचा दोष शिक्षिकेच्या माथी मारणार नाही.

सप्टेंबर २०२४ पासून तपासणीची आगाऊ सूचना कामकाजाच्या दहाच दिवसांची झाली असून सहा वर्षांच्या चक्रात मुख्य तपासणीखेरीज आणखी एक भेट ठरली आहे. मुदत आखूड झाल्याने देखाव्याची कागदपत्रे रंगविण्यास वाव उरत नाही, हे उत्तम; परंतु खेड्यातील ज्या लहान शाळेत मुख्याध्यापक स्वतःच एक वर्ग सांभाळतो, तेथे तो पथकाबरोबर बसला असता मुलांना शिकवावयाचे कोणी? त्या दिवसांपुरत्या बदली शिक्षकाचा खर्च शाळेच्या तुटपुंज्या अंदाजपत्रकावर न लादता सरकारी तिजोरीनेच उचलला पाहिजे.