खुलानाम्याच्या आठ ओळी

मागच्या महिन्यात एका गुरुवारी शाळा सुटल्यावर तिसरीतल्या एका मुलाची अम्मी आमच्याकडे आली. मुलाच्या अभ्यासाचे काही असेल असे वाटले. तिने पर्समधून चार घड्या केलेला कागद काढला आणि म्हणाली, "आपा, हे जरा वाचून सांगा. उद्या जुम्यानंतर सही करायची आहे."

पाचशे रुपयांचा स्टँप, त्यावर मराठीत टाइप केलेला मजकूर. ती उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मराठी घडाघडा बोलते, पण 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' यांचे मराठी तिला कुठून कळणार? आम्ही एकेक ओळ मोठ्याने वाचली. एकूण आठ ओळी होत्या. मी माझ्या खुशीने खुला मागत आहे. माझी पंचवीस हजारांची मेहर माफ केली. माझे दागिने व सामान मिळाले. घरावर माझा हक्क नाही. इद्दतचा खर्च नको. मुलगा वडिलांकडे राहील. मुलगी माझ्याकडे राहील व तिचा खर्च मीच करीन. यापुढे कोणीही कोर्टात जाणार नाही.

वाचून झाल्यावर आम्ही विचारले, "खुला तुम्ही मागितलात?"

"मी कशाला मागू, आपा? त्यांनीच कुवेतहून फोन करून सांगितलं, आता आपलं जमणार नाही."

सगळी मेख या पहिल्या ओळीत आहे. तलाक शौहर देतो, आणि तसे झाले की मेहर त्याच्यावर फर्ज कर्ज म्हणून उभी राहते. खुल्यात बायको सुटका मागते आणि त्या बदल्यात बहुधा मेहर सोडते. म्हणजे ज्याला सोडायचे आहे त्यानेच बायकोच्या तोंडून खुला वदवून घेतला, तर मेहर आपोआप वाचते. कसूर शौहरचा असताना खुल्याच्या बदल्यात माल घेणे फिकहच्या किताबांनीही नापसंत ठरवले आहे. एका दमात दिलेली तीन तलाक 2019 च्या कायद्याने रद्दबातल आणि तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरल्यापासून हा उलटा खुला आमच्या पाहण्यात जास्त येऊ लागला आहे. खरे तर घाबरायचे कारण नव्हते. पाकीच्या काळात एक तलाक द्यावी, इद्दत जाऊ द्यावी, मेहर चुकती करावी, हा रस्ता आजही खुला आहे. त्याआधी दोन्ही घरांतून एकेक समजूतदार माणूस बसवायचा, हे सूरह निसामध्ये सांगितलेलेच आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2002 मध्ये औरंगाबादेत दगडू पठाण यांच्या खटल्यात हेच धरले: नुसते 'तलाक दिली' म्हणून भागत नाही, कारण काय होते आणि समेटाचा प्रयत्न झाला का, हे सिद्ध करावे लागते.

आणि बाईला खरोखरच सुटका हवी असेल व नवरा देत नसेल, तर 1939 चा कायदा आहे. नवरा चार वर्षे बेपत्ता, दोन वर्षे खर्च नाही, सात वर्षांची कैद, जुलूम, अशी कारणे त्यात आहेत. मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मस्लकातून काढलेल्या वाटेचा त्यामागे मोठा हात होता. त्याच कायद्याचे पाचवे कलम सांगते की असे फस्ख झाले तरी बाईच्या मेहरच्या हक्काला धक्का लागत नाही. खुला आणि फस्ख यांत हा फरक आहे, आणि तो घरोघरी माहीत हवा.

मेहरवरून एक आठवले. तिचा निकाहनामा आम्ही मागवून पाहिला. मराठी रकान्यात लिहिले होते 'मुअज्जल'. आता उर्दूत हे दोन वेगळे शब्द आहेत. ऐनवाला मुअज्जल म्हणजे मागताक्षणी द्यायची, आणि हमजावाला मुअज्जल म्हणजे तलाक किंवा मौत होईपर्यंत उधार. देवनागरीत दोन्ही एकसारखेच! ज्या घरी निकाह ठरला आहे त्यांनी मराठी निकाहनाम्यात सरळ 'रोख' किंवा 'उधार' असे लिहून घ्यावे. मेहर म्हणून घर किंवा जमीन द्यायची असेल, तर नुसत्या निकाहनाम्यावर न थांबता रजिस्टर दस्त करावा.

आता घर. पुष्कळ भगिनी आम्हाला विचारतात, तलाक झाली की निम्मी मालमत्ता मिळते ना? नाही मिळत. टीव्हीवरच्या परदेशी गोष्टींनी हा समज पसरवला आहे. आपल्याकडे ज्याच्या नावावर जे आहे ते त्याचे. बायकोच्या नावावरच्या जमिनीला शौहर हात लावू शकत नाही, आणि शौहरच्या घराची तलाकने वाटणी होत नाही. लग्न टिकून असताना घराबाहेर काढले, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने राहण्याचा हक्क मागता येतो, सासऱ्याच्या घरातसुद्धा. पण तो राहण्याचा हक्क, मालकीचा नव्हे.

या बाईचे दुखणे इथेच होते. घर सासऱ्यांच्या जमिनीवर. वरचा स्लॅब पडला तेव्हा पैसे कमी पडले, म्हणून तिने माहेरच्या चार पाटल्या विकल्या. पैसे रोख दिले. साक्षीला कोण? सासूबाई. आम्ही काय बोलणार! कोकणातल्या किती घरांच्या स्लॅबमध्ये अशा पाटल्या असतील, अल्लाह जाणे. त्यातल्या किती पाटल्यांची चिठ्ठी कोणाकडे असेल? सोने मोडून पैसे द्यायचे झाले तर ते बँकेतून द्या, सोनाराची पावती जपा. यात शौहरवर शक घेण्यासारखे काही नाही. उधारी लिहून ठेवा, हे सूरह बकराच्या सर्वांत लांब आयतीत आलेलेच आहे.

जे सामान आणि दागिने मात्र लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर तिला मिळाले, मग ते माहेरचे असोत, नवऱ्याने दिलेले असोत की सासरच्या नातेवाइकांनी, ते सगळे 1986 च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाने तलाकशुदा बाईचेच असते. 'सामान मिळाले' अशी एक ओळ पुरेशी नाही. आम्ही तिला लग्नाचा अल्बम आणायला सांगितला, आणि वहीच्या पानावर फोटो पाहून पाहून यादी केली. तेवीस वस्तू निघाल्या. मिळाल्या होत्या सहा.

पाचवी ओळ इद्दतच्या खर्चाची. लोक समजतात, तीन महिन्यांचे रेशन दिले की जबाबदारी संपली. त्याच कलमात खर्चाबरोबर 'वाजवी व न्याय्य तरतूद' असेही शब्द आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी 2001 मध्ये दानियल लतीफी यांच्या खटल्यात अर्थ लावला, की ही तरतूद बाईच्या पुढच्या आयुष्याची आहे. द्यायची इद्दतच्या आत, पण पुरायला हवी नंतरही. ती दिली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. शिवाय पूर्वीचे कलम 125, म्हणजे 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेचे कलम 144, तेही मुस्लिम तलाकशुदा बाईला खुले आहे, असे त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

खरा घोर होता तो मुलांचा. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाचची. मुलगा बापाकडे म्हणजे कोणाकडे? बाप कुवेतला, तेव्हा दादीकडे. दादी प्रेमळ आहे, आम्ही ओळखतो. पण गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नाही.

हिजानत म्हणजे मुलांना जवळ ठेवून वाढवणे, आणि विलायत म्हणजे त्यांच्या मालमत्तेची व कामांची वलीगिरी. विलायत बापाकडे असते म्हणून हिजानतही त्याची, हा गोंधळ पुष्कळांचा होतो. हनफी मस्लकात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ असते. आपल्या कोकणात बहुतेक शाफई. तिथे मूल समजत्या वयाचे झाले की त्याची पसंती पाहतात. कोर्टात मात्र 1890 चा पालक व पाल्य कायदा लागतो, आणि त्यात सर्वांत वर असते ते मुलाचे हित. वय, मुलगा की मुलगी, धर्म, आईबापांची चालचलणूक हे सगळे पाहतात, आणि मूल विचार करून सांगण्याइतके मोठे असेल तर त्याचे म्हणणेही ऐकतात. सात वर्षे भरली म्हणून मुलगा आपोआप उचलून नेता येत नाही.

शिक्षक म्हणून एक सांगतो. मामू एका बाजूला, चाचा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये उभे करून 'बोल, कोणाकडे जाणार?' असे मुलाला विचारू नका. हे आम्ही एका बैठकीत पाहिले आहे. त्या मुलाने नंतर दोन आठवडे वर्गात तोंड उघडले नव्हते.

मुलीचा खर्च मीच करीन, ही ओळ तर आम्ही पेन्सिलीने खोडूनच टाकली. मेहर बाईची आहे. ती राजीखुशीने सोडू शकते. मुलांचा खर्च मुलांचा हक्क आहे, तो अम्मीने माफ करण्याचा प्रश्नच येत नाही. सूरह बकराच्या 233 व्या आयतीत तो बापावरच ठेवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये नूर सबा खातून यांच्या खटल्यात म्हटले, की मुले आईजवळ असली तरी ती सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतःचे भागवू लागेपर्यंत, आणि मुलीचे लग्न होईपर्यंत, खर्च बापाने द्यायचा. बापाच्या वारशातही तलाकने मुलांचा हिस्सा तुटत नाही. बायकोचा तुटतो.

आठव्या ओळीला, कोणी कोर्टात जाणार नाही, तिला काडीची किंमत नाही. हक्कासाठी कोर्टात जाण्याची वाट पूर्ण बंद करणारा करार 1872 च्या करार कायद्याच्या 28 व्या कलमाने रद्द ठरतो.

त्या शुक्रवारी सही झाली नाही. शनिवारी ती मामूंना घेऊन तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे गेली. तिथे बाईला आणि मुलांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो, हे मामूंनाही ठाऊक नव्हते. जमातीचे सदर आधी रागावले, मग कागद स्वतः वाचला. म्हणाले, "हा नमुना आमच्या कपाटात कित्येक वर्षं पडून आहे. नावं बदलून देतो आम्ही." त्यांनीच कुवेतला फोन लावला. मग दुसरा कागद झाला. त्यात तलाक म्हणून तलाकच लिहिली आहे, मेहरचे पंचवीस हजार बँकेतून, तेवीस वस्तूंची यादी जोडलेली. दोन्ही मुले अम्मीजवळ, दर रविवारी दादीकडे. मुलांचा खर्च दरमहा खात्यात येईल; हिजानतीचा आणि खर्चाचा करार वकिलांनी कोर्टात दाखल केला, म्हणजे पैसे थांबले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको. तिच्या पुढच्या तरतुदीची रक्कम अजून ठरायची आहे, त्यावर दोन बैठका झाल्या.

पाटल्यांचे मात्र अडले आहे. सासूबाई म्हणतात, दोन होत्या. ज्या सोनाराकडे मोडल्या त्याचे दुकान आता त्याचा मुलगा चालवतो. जुनी पावतीपुस्तके माळ्यावर आहेत म्हणाला, पाऊस संपला की काढून बघू.