सोय कुणाची?

गावात सोयी काय आहेत असं विचारलं, की कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतातली माणसं बोटं मोजून सांगतात: पोस्ट, को-ऑपचं दुकान, चर्च, कम्युनिटी हॉल, हॉकीची रिंक. दीड-दोनशे वस्तीच्या गावाला एवढं म्हणजे पुष्कळच. एमएसडब्ल्यू होऊन 2015 साली मी इथं कामाला आले, तेव्हा मलाही त्याचं अप्रूप वाटलं. चहूकडे सपाट जमीन, गहू आणि कॅनोला, लांबूनच दिसणारं रेल्वेकाठचं धान्याचं उंच कोठार.

पण मैत्रिणींनो, ही यादी कुणाच्या सोयीची?

हॉलमधलं सुगीनंतरचं गावजेवण बायका रांधतात आणि मागची भांडीही त्याच घासतात. शेतातही त्या राबतात. शेजारच्या आल्बर्टा प्रांतातल्या आयरिन मर्डोक वर्षानुवर्षं गवत कापत होत्या, ट्रॅक्टर चालवत होत्या, गुरांना लस टोचत होत्या. नवऱ्यापासून वेगळं होताना त्यांनी मालमत्तेत वाटा मागितला. 1973 साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो नाकारला. कारण काय, तर असं काम तिथली कुठलीही शेतकरीण करतेच! बायकांनी देशभर आवाज उठवला, आणि मग एकेका प्रांतानं कायदे बदलले.

कागदावर वाटा मिळाला. पण घराबाहेर पडायचं कसं?

1993 साली या प्रांतातली 52 लहान ग्रामीण रुग्णालयं बंद झाली किंवा त्यांचं स्वरूप बदललं. त्यानंतर शहराची वाट धरणं भागच झालं. त्या वाटेवर 1946 पासून सरकारी बस होती. तिचं नाव एसटीसी, त्यामुळे मला ती आपली एसटीच वाटायची. म्हाताऱ्या बायका तिनं दवाखान्यात जात. ज्यांना घर सोडायचं असे, त्याही तिनंच निघत. 2017 च्या अर्थसंकल्पात सरकारनं सांगितलं, पुढच्या पाच वर्षांत 8.5 कोटी डॉलर अनुदान द्यावं लागेल, ते परवडत नाही. 31 मे 2017 ला प्रवासी सेवा थांबली. पुढच्या वर्षी खासगी ग्रेहाउंडनंही पश्चिम कॅनडातल्या जवळपास सगळ्या गाड्या बंद केल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका बाईचा फोन आला. मी म्हटलं, "तुमच्यासाठी जागा आहे, या." ती म्हणाली, "येऊ कशी? गाडीची किल्ली त्याच्या खिशात आहे." बाहेर उणे तीस तापमान. माझ्या पदवीत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

पोलिसांकडे नोंदल्या जाणाऱ्या, जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसाचाराचं प्रमाण कॅनडाच्या प्रांतांत सॅस्कॅचेवानमध्ये वर्षानुवर्षं सर्वांत जास्त राहिलं आहे. बेपत्ता झालेल्या आणि खून झालेल्या आदिवासी स्त्रियांबद्दलच्या राष्ट्रीय चौकशीनंही 2019 साली सुरक्षित, परवडणाऱ्या वाहतुकीची मागणी केली. तेव्हा बस ही केवळ तिकिटाच्या उत्पन्नावर जोखायची गोष्ट नव्हे. कुणाची परवानगी न मागता घराबाहेर पडता येणं हा बाईचा हक्क आहे, आणि त्या हक्काला चाकं लागतात.

कुणी म्हणेल, बसमध्ये माणसं नसायचीच. खरं आहे, प्रवासी घटत होते. पण ज्याच्या दारात गाडी आहे तो बसला कशाला येईल? उरलेल्यांत म्हाताऱ्या, गरीब आणि अडकलेल्या बायका होत्या. त्यांची संख्या कमी म्हणून त्यांची गरजही कमी होते का?

आपल्याकडे मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. चांगलंच आहे. पण गावात एसटी येतच नसेल, तर सवलत कशावर घ्यायची? तोट्याचं कारण सांगून तुमच्या गावची फेरी बंद होऊ लागली, तर ग्रामसभेत उठून एवढं जरूर विचारा: तोटा कुणाचा?