लग्नाच्या यादीत एक गोळी

परवा विडी कामगारांच्या वस्तीत बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बायका पांगल्या, पण एक सासूबाई मागे रेंगाळल्या. सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेलेत. पहिलं बाळ पाठीवर गाठ घेऊन जन्मलं आणि आठवड्यात गेलं. "ताई, तवा गिराण हुतं. हिनं ऐकलं न्हाई, भाजी चिरली. आवंदा खोलीतनं बाहीर सोडत न्हाई," त्या म्हणाल्या. सून खाली मान घालून विड्या वळत होती.

"फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू केलीय का?" मी विचारलं.

"तिसरा लागू द्या की, मग नाव घालू."

इथंच तर घोडं अडतं! बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू सुरुवातीला एका पट्टीसारखा असतो. ती पट्टी वळून तिची नळी होते. गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत ही नळी मिटावी लागते. वरचं टोक उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटी नीट बनत नाही. खाली उघडं राहिलं तर पाठीचा कणा फटीचा राहतो. मग पाय लुळे पडतात, लघवीवर ताबा राहत नाही. आणि २८ दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. बाईला कळेपर्यंत वेळ टळलेली असते.

यात ग्रहणाचा संबंध नाही आणि सुनेचा दोष तर नाहीच. आनुवंशिकता, ताब्यात नसलेली साखर, फिट्सवरची काही औषधं अशी कारणं असतात. पण मोठं कारण म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता. असं बाळ आधी झालेल्या बायकांना गर्भधारणेआधीपासून ही गोळी दिली, तर पुन्हा तसं होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी होतो, हे १९९१ साली ब्रिटनच्या पुढाकारानं झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. अशा बायकांना डोस दहापट लागतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा. बाकीच्यांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरे, पण दिवस जाण्याच्या निदान महिनाभर आधीपासून.

पालेभाजी, मटकी, शेंगदाणे खावेतच. पण भाजी उकडून पाणी फेकलं की त्यातलं बरंचसं फॉलिक अ‍ॅसिड मोरीत जातं. शिवाय बी-१२ हवं. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेकींमध्ये बी-१२ कमीच आढळलं. दूध, दही, ताक घरात आधी पुरुषांच्या ताटात जातं, हे वेगळं सांगायला नको.

त्या सुनेला मी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. अठराव्या ते विसाव्या आठवड्यात बाळाचे अवयव पाहणारी सोनोग्राफी चुकवायची नाही, हेही सासूबाईंना बजावलं. दोष असलेलं बाळ जन्मलंच, तर 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'त उपचाराची सोय आहे. लवकर शस्त्रक्रिया झालेली अशी कितीतरी मुलं शाळेत जातात.

मैत्रिणींनो, लेकीचा बस्ता बांधायला आपण चाटी गल्लीत दोन-दोन दिवस फिरतो. त्या यादीत फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही लिहा. चहाच्या कपाएवढाही खर्च नाही. आणि सासूबाईंनो, पुढचं ग्रहण आलं की सुनेला खोलीत कोंडू नका. तिच्या ताटात काय वाढलंय, तेवढं बघा.