शब्दविचार : रोगी, अशील कीं गिऱ्हाईक ?

आमच्या धाकट्या सूनबाई मनाच्या व्यथांनीं गांजलेल्या लोकांस सल्ला देण्याचें काम करितात. नागपुरांत धंतोलीस त्यांची बसण्याची खोली आहे. गेल्या महिन्यांत एक गृहस्थ तेथें आले, इंग्रजी अर्जावर 'पेशंट' हा शब्द त्यांनीं वाचला, आणि सही न करितांच ते उठून गेले. नांव सूनबाईंनीं सांगितलें नाहीं, मींही विचारलें नाहीं. अर्ज पुढें ठेवून त्या एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, येथें 'क्लायंट' लिहूं, कीं 'कस्टमर' ?"

मॅट्रिकपुढें इंग्रजी न शिकलेल्या मास्तरास हा प्रश्न ! तथापि कोश उघडला. 'पेशंट' याचें मूळ लॅटिन, अर्थ, सोसणारा. आपला 'रुग्ण' हा तर 'रुज्' म्हणजे मोडणें या धातूपासून झालेला. तेव्हां तो अधिकच कठोर. 'कस्टमर' म्हणजे नित्य येण्याची वहिवाट असलेला. ज्यानें बरें होऊन पुन्हा येऊं नये अशी आपली इच्छा, त्यास हें नांव कसें द्यावें ? शिवाय एखाद्याचें गिऱ्हाईक करणें म्हणजे काय, हें घरांतील पोरांसही ठाऊक आहे. 'क्लायंट' हा रोमन काळीं बड्या घराच्या छायेंत राहणारा आश्रित. आमचा 'अशील' मात्र अरबींतून आलेला, मूळ धनी या अर्थाचा. वकील हा त्याचा केवळ मुखत्यार.

पुतण्या येथील खंडपीठांत वकिली करितो. तो म्हणाला, "काका, यावर न्यायालयांतही खल झाला आहे." 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं, फी देणारा रोगी हा ग्राहकच होय, असा सर्वोच्च न्यायालयानें 1995 सालीं निकाल दिला. उलट 2024 च्या मे महिन्यांत त्याच न्यायालयानें वकिलांस त्या कायद्यांतून वगळलें. एक कारण असें कीं, वकिलावर अशिलाचाच ताबा असतो. अशिलास धनीपण लाभलें, पण ग्राहक आयोगाची वाट बंद झाली. "म्हणजे सुटलांत तुम्हीच !" असें मीं म्हटलें, तेव्हां चिरंजीव चहाकडे वळले.

मला स्वतःला 'यजमान' हा शब्द फार प्रिय. यज्ञ चालवितात ऋत्विज, परंतु फळ यजमानाचें. म्हणूनच पाणिनीच्या नियमानें त्याचें क्रियापद आत्मनेपदीं. साह्य घेणारा असूनही तो कोणाचा मिंधा नाहीं. मीं मोठ्या उत्साहानें हा शब्द सुचविला. सूनबाई पदर सांवरीत हंसल्या : "मामंजी, माझे यजमान एकच आहेत, आणि ते ऑफिसांत गेले आहेत."

अखेर इंग्रजी अर्जावर 'क्लायंट' आलें, व मराठी अर्जावर नुसतें 'आपलें नांव'. रोमन आश्रिताबद्दल माझी कुरकुर आहेच. पण फी घेऊन सेवा दिली कीं अर्जावर कांहींही लिहा, ग्राहकाचा हक्क उरतोच, असें पुतण्या सांगतो. त्या गृहस्थांस सूनबाईंनीं निरोप धाडला आहे. उत्तर अद्याप नाहीं.